रोही किती दूर उभा आहे? : लेसर अंतरमापकाची निवड

विष्णुपुरीच्या धरणाजवळ उभे राहून शंकरसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठाकडे पाहावे आणि बरोबरच्या चार जणांना विचारावे, "काठ किती दूर असेल?" उत्तरे चार मिळतात आणि ती चारही वेगळी असतात. एक म्हणतो दोनशे मीटर, दुसरा म्हणतो पाचशे. गंमत अशी की 'दोनशे सदतीस' असे उत्तर कोणीच देत नाही. सगळे आकडे पन्नासाच्या किंवा शंभराच्या पटीत येतात. मधे पाणी असले की अंतर कमी वाटते, मधे झाडे-झुडपे, बांध, वस्ती असली की तेच अंतर जास्त वाटते. सकाळी धुक्यात वस्तू दूर भासते, पाऊस पडून हवा स्वच्छ झाली की जवळ येते. आपल्या डोळ्यांना जवळची अंतरे चांगली कळतात. पण शे-दीडशे मीटरांच्या पुढे त्यांचे काम मोजण्याचे राहत नाही, अंदाजाचे होते.

नदीच्या पात्राविषयीचा अंदाज चुकला तर फारसे बिघडत नाही. पण अर्धापूरच्या केळीच्या बागेच्या कडेला किंवा सोयाबीनच्या शेतात उतरलेला रोह्यांचा कळप किती दूर आहे, हा प्रश्न इतका निरुपद्रवी नाही. या भागात एकाने विचारले, "रोही किती आहेत हो तुमच्याकडे?" की उत्तर येते, "लई झालेत!" 'लई' म्हणजे किती, यावर पुढचे सगळे निर्णय अवलंबून असतात. आणि मौज अशी की 'किती' या प्रश्नाचे उत्तर 'किती दूर' या प्रश्नातून जाते. ते कसे, हे या लेखात पाहू या. त्यासाठी हाती घ्यायचे यंत्र म्हणजे लेसर अंतरमापक. हे कसे चालते आणि घ्यायचे झाल्यास कसे निवडावे, याचाही विचार करू.

शिकाऱ्याचे यंत्र

हे हातात मावणारे, एका डोळ्याच्या दुर्बिणीसारखे दिसणारे यंत्र बाजारात लोकप्रिय झाले ते मुख्यतः परदेशातील परवानाधारक शिकारी आणि गोल्फ खेळणारे यांच्यामुळे. त्याच्या जाहिराती आजही याच मंडळींना उद्देशून असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांबाबतही अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय काही करता येत नाही. तरीही शिकाऱ्याला अंतर का लागते, हे समजून घेण्यात पदार्थविज्ञानाचा एक उत्तम धडा आहे.

बंदुकीची गोळी सरळ रेषेत जाते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते, अगदी हातातून सोडलेल्या दगडासारखी. समजा, गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर आहे आणि हवेचा विरोध आपण तूर्त विसरलो. ३०० मीटर जाण्यास तिला ०.३७५ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात 'अर्धा ग्रा. त्व. गुणिले काळाचा वर्ग' या सूत्राने ती सुमारे ०.६९ मीटर खाली येईल. ४०० मीटरला अर्धा सेकंद लागेल आणि ती १.२३ मीटर खाली येईल. म्हणजे ४०० मीटरवरचा प्राणी ३०० मीटरवर आहे असे समजून नेम धरला, तर गोळी बरीच खाली जाते. हवेचा विरोध धरला तर फरक आणखी वाढतो. परिणामी गोळी चुकते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, प्राणी जखमी होऊन तडफडत राहतो.

येथे आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. अंतर अगदी अचूक कळले तरी गोळीला अर्धा सेकंद लागतोच. प्राणी सावकाश, सेकंदाला दीड मीटर या गतीने चालत असला, तर तेवढ्यात तो पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. वाऱ्याचेही तसेच. म्हणून शिकारीस मुभा असलेल्या देशांतही जाणती मंडळी सांगतात की अंतरमापक हे दुरून गोळी झाडण्याचे निमंत्रण नव्हे. 'फार दूर आहे, थांब' असे सांगणारे ते साधन आहे.

साखळीपासून प्रकाशापर्यंत

अंतर मोजण्याच्या इतिहासाला आपल्या भागाशी जोडणारा एक धागा आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील 'महाकमान' कन्याकुमारीपासून उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत मोजत नेली गेली. ती बीदरजवळच्या दामरगिड्डा या ठाण्यावरून पुढे नांदेडच्या पूर्वेकडील टापूतून विदर्भाकडे सरकली. विल्यम लॅम्बटन यांनी १८१५ मध्ये बीदरजवळ एक पायारेषा साखळीने मोजली. याच कामासाठी उत्तरेकडे जात असता १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. बीदरची पायारेषा १८४१ मध्ये पुन्हा मोजली गेली, ती उन्हाने लांबी बदलू नये अशी रचना असलेल्या धातूच्या दांड्यांनी. काही मैलांची एक रेषा मोजण्यास कित्येक आठवडे लागत. एकदा ती मिळाली की पुढची सर्व अंतरे कोन मोजून, त्रिकोणाच्या गणिताने काढायची.

लेसरने हा क्रम उलटा केला. आता कोन बाजूला ठेवून अंतर थेट मोजता येते. थिओडोर मेमन यांनी १९६० च्या मे महिन्यात पहिला लेसर चालवून दाखवला आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षातच त्याने अंतर मोजण्याचे प्रयोग सुरू झाले. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर खास परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत त्यावरून परत येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. अशा मोजमापांतूनच चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जात आहे, हे कळले. २००८ च्या चांद्रयान-१ वरही भारतीय बनावटीचा लेसर अंतरमापक होता. त्याने चंद्राच्या पृष्ठभागाचे चढउतार मोजले. आणि १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने चांद्रयान-३ च्या विक्रम या अवतरकावरील छोट्या परावर्तकावर लेसर टाकून त्याचा प्रतिसाद मिळवला. हातातला अंतरमापक हा याच घराण्यातला, फक्त धाकटा.

यंत्र चालते कसे?

तत्त्व प्रतिध्वनीचे आहे. माहूरच्या डोंगरात हाक मारली आणि १.७६ सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून समोरचा कडा सुमारे ३०० मीटरवर आहे असे आपण सांगतो. जाणे आणि येणे असे दोन्ही असल्यामुळे दोनाने भागायचे. लेसर अंतरमापकात हाकेऐवजी अवरक्त प्रकाशाचा एक अतिशय छोटा स्पंद सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक यंत्रांत त्याची तरंगलांबी ९०५ नॅनोमीटर असते. समोरच्या वस्तूवर आदळून प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यातला किंचित भाग परत येतो आणि भिंगातून शोधकावर पडतो.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर बेतलेली आहे. सोयीसाठी ३० कोटी मीटर धरू. ३०० मीटरवरील वस्तूपर्यंत जाऊन येण्यास प्रकाशाला फक्त २ मायक्रोसेकंद लागतात. अंतर एक मीटरपर्यंत अचूक हवे असेल, तर सुमारे ६.७ नॅनोसेकंदांचा फरक ओळखता आला पाहिजे. एक नॅनोसेकंद म्हणजे अंतरात १५ सेंटीमीटर, हे लक्षात ठेवले की पुढचे हिशेब सोपे होतात.

एवढा छोटा काळ मोजण्याची एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे. स्पंद सुटताच एका धारित्रात ठराविक विद्युतप्रवाह सोडायचा आणि स्पंद परतताच तो थांबवायचा. धारित्रात जितका विद्युतभार साठला तितका वेळ गेला. नळाखाली बादली ठेवून पाण्याच्या पातळीवरून वेळ सांगावी, तसाच हा प्रकार. घटिकापात्राचे तत्त्व नॅनोसेकंदांपर्यंत पोचले, असेही म्हणता येईल.

हवेत प्रकाशाचा वेग निर्वातापेक्षा किंचित कमी असतो. हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००३ आहे. एक किलोमीटर अंतरात यामुळे ३० सेंटीमीटरचा फरक पडेल. आपल्या कामासाठी तो सोडून देता येतो. सर्वेक्षकाला सोडता येत नाही.

बांधकामावर मिस्त्री वापरतात तो लाल ठिपक्याचा लेसर मीटर मात्र यापेक्षा वेगळा. त्यात प्रकाशाची तीव्रता सतत कमीजास्त केली जाते आणि परतलेल्या प्रकाशाच्या कलेतील फरकावरून अंतर काढले जाते. त्याची अचूकता मिलिमीटरांत असते, पण झेप काही दशमान मीटरांचीच, आणि भर उन्हात त्याचा ठिपका दिसतही नाही. खोली मोजण्यास तो उत्तम. रोही मोजण्यास निरुपयोगी.

परत येतो किती प्रकाश?

यंत्र निवडताना ज्या गोष्टी गोंधळात टाकतात, त्यांचे मूळ या एका प्रश्नात आहे. म्हणून हिशेब करून पाहू या.

समजा, एका स्पंदात ०.२ मायक्रोज्यूल ऊर्जा आहे. ९०५ नॅनोमीटरच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे २.२ × १०⁻¹⁹ ज्यूल. म्हणजे एका स्पंदात सुमारे ९०० अब्ज प्रकाशकण असतात. ते ५०० मीटरवरील प्राण्याच्या अंगावर आदळले आणि त्यांतले ३० टक्के परत फेकले गेले असे धरू. ते अर्ध्या गोलात सर्व दिशांना पसरतील. आपले भिंग २५ मिलिमीटर व्यासाचे असेल तर त्याच्या वाट्याला किती येतील? गणित केल्यास उत्तर येते : सोडलेल्या दर पाच अब्ज कणांमागे साधारण एक. म्हणजे ९०० अब्जांतले दीडशेच्या आसपास परत आले. हवेतील आणि भिंगांतील घट धरली तर त्याहूनही कमी.

हे दीडशे कण आकाशातून आणि शेतातून येणाऱ्या सूर्यप्रकाशातून वेगळे ओळखायचे असतात. त्यासाठी यंत्रात फक्त एकाच तरंगलांबीला वाट देणारा गाळक असतो. शिवाय यंत्र एक नव्हे तर अनेक स्पंद सोडते आणि जो प्रतिसाद पुन्हा पुन्हा त्याच वेळी येतो तोच खरा मानते. वर्गातल्या गोंगाटात एकाच मुलाने पुन्हा पुन्हा तेच उत्तर दिले की ते ऐकू येते, तसे.

अंतर दुप्पट झाले की परतणारा प्रकाश चौथाई होतो. ही गोष्ट झोत पूर्णपणे वस्तूवर पडत असेल तेव्हाची. वस्तू झोतापेक्षा लहान असेल तर जातानाही प्रकाश वाया जातो आणि अंतर दुप्पट होताच परतणारा प्रकाश एक-षोडशांश होतो. दूरवरच्या छोट्या प्राण्यावर यंत्र एकाएकी मुके का होते, याचे कारण हे.

निवडताना काय पाहावे?

*जाहिरातीतला पल्ला.* खोक्यावर '१००० मीटर' असे ठळक छापलेले असते. हा आकडा बहुधा चमकत्या परावर्तक फलकासाठी असतो. नांदेड-लातूर रस्त्यावर रात्री गाडीच्या दिव्यात लखलखणारे फलक आपण पाहतो. त्यांची रचनाच अशी की आलेला प्रकाश आल्या वाटेने परत जावा. प्राण्याचे अंग तसे नसते. साध्या पांढऱ्या भिंतीशी तुलना केली तरी फरक मोठा आहे. भिंत ९० टक्के प्रकाश परतवते आणि प्राण्याचे अंग २० टक्के, असे धरा. प्रकाश साडेचार पटींनी कमी झाला. म्हणून पल्ला साडेचारच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.१ पटींनी घटेल. १००० चे ४७० झाले! म्हणून माहितीपत्रकात 'फलक', 'झाड' आणि 'हरिण' असे तीन वेगळे आकडे दिले आहेत का ते पाहावे आणि आपल्या कामासाठी शेवटचाच आकडा खरा मानावा. प्राण्याचे अंग ओले असेल तर तोही कमी धरावा.

*झोताची रुंदी.* लेसरचा झोत पसरत नाही, हा एक गैरसमज आहे. तो पसरतो, फक्त थोडा. ही पसरण मिलिरेडियनमध्ये सांगतात. एक मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर आणि एक किलोमीटरवर एक मीटर. २ मिलिरेडियनचा झोत ५०० मीटरवर एक मीटर रुंद होतो. उभा रोही त्यात बराचसा मावतो, पण काळविटाच्या वर-खालून प्रकाश निसटतो आणि मागच्या बांधावर आदळतो. मग यंत्र बांधाचे अंतर काळविटाचे म्हणून सांगते. अनेक यंत्रांत लेसरचा उगम पट्टीसारखा असल्याने झोत गोल नसून लांबट असतो. यंत्र आडवे-उभे धरण्यानेही फरक पडतो. पसरणीचा आकडा जितका कमी तितके बरे. हा आकडा माहितीपत्रकात छापलेलाच नसेल, तर ते यंत्र घेताना दोनदा विचार करावा.

*आधीचे की नंतरचे?* आपल्या शेतांत ही अडचण नेहमीची. समोर तुरीचे चार फाटे आहेत आणि त्यांच्या मागे प्राणी. हिरवी पाने डोळ्यांना गडद दिसतात, पण जवळच्या अवरक्त प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग ती परत फेकतात. यंत्राच्या दृष्टीने तुरीचा फाटा हा जणू आरसाच. म्हणून एकाच स्पंदाचे अनेक प्रतिसाद आले तर 'पहिला घे' की 'शेवटचा घे' हे ठरवण्याची सोय यंत्रात असावी. झाडीतून पलीकडे पाहताना 'शेवटचा', आणि मोकळ्यावरचा लहान प्राणी टेकडीसमोर उभा असताना 'पहिला' ही निवड योग्य.

*चढ-उतार.* माहूरच्या डोंगरउतारावरून खाली पाहताना यंत्र तिरकस अंतर सांगते. उतार ३० अंशांचा असेल तर २०० मीटरचे तिरकस अंतर म्हणजे आडवे अंतर १७३ मीटर. गोळीच्या पडण्याचा हिशेब असो की नकाशावरची नोंद, दोन्हींना आडवे अंतरच लागते. काही यंत्रांत उतारमापक बसवलेला असतो आणि तो हे त्रिकोणमितीचे काम करून देतो. नसला तर कोष्टकाने करता येते. पण उतार मोजायला हवा.

*हाताचा कंप.* हात फक्त ०.१ अंशाने हलला तरी ५०० मीटरवर झोत सुमारे ८७ सेंटीमीटर सरकतो. म्हणून तीनशे मीटरांच्या पुढे काठी, बांध किंवा तिपाई यांचा आधार घ्यावा. सहापट मोठे दाखवणारी दुर्बीण बहुधा पुरते. जास्त मोठे दाखवणाऱ्या यंत्रात कंपही तितकाच मोठा होतो.

*हवा आणि ऊन.* हिवाळ्याच्या सकाळी गोदावरीच्या काठचे धुके, उन्हाळ्यातील धूळ, पावसाचे थेंब हे सगळेच प्रकाश परतवतात. जवळच्या धुक्याचा प्रतिसाद टाळण्याची सोय काही यंत्रांत असते. भर दुपारी सूर्यप्रकाशाच्या गोंगाटामुळे पल्ला घटतो, सकाळ-संध्याकाळी वाढतो. यंत्राची परीक्षा दुकानात न करता बाहेर, दुपारी बारा वाजता करावी.

*डोळ्यांची सुरक्षा.* यंत्रावर 'लेसर वर्ग १' असे लिहिलेले असावे. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने डोळा आपोआप मिटत नाही, म्हणून ही खूण महत्त्वाची. तरीही मुलांनी एकमेकांच्या चेहऱ्यावर ते रोखू नये, हे शिक्षकांनी बजावून सांगावे.

*न लागणाऱ्या सोयी.* 'गोळीच्या पडण्याचा हिशेब' करून देणाऱ्या यंत्रांना जास्त किंमत पडते. आपल्या कामात त्यांचा काहीच उपयोग नाही. तो पैसा कमी पसरणीच्या झोतावर आणि मोठ्या भिंगावर खर्च झाला तर बरे.

मोजणीत खरा कस

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एखाद्या तालुक्यात रोही किती, हे कसे मोजतात? सगळे एकत्र करून मोजणे शक्य नसते. देशातील वाघ आणि त्यांच्या भक्ष्यप्राण्यांच्या अभ्यासात जी पद्धत वापरतात तीच येथे चालते. सरळ रेषा आखायच्या, त्यांवरून पहाटे चालायचे आणि प्रत्येक कळप दिसताच तीन नोंदी करायच्या : प्राणी किती, ते किती अंतरावर आणि रेषेशी किती अंशांच्या कोनात. शेवटच्या दोहोंतून त्यांचे रेषेपासूनचे लंब अंतर निघते (अंतर गुणिले कोनाची ज्या).

यामागची कल्पना मोठी चतुर आहे. रेषेलगतचे जवळजवळ सगळे प्राणी दिसतात. दूरचे काही निसटतात. प्राणी सगळीकडे सारखे पसरले असतील तर दर दहा मीटरच्या पट्ट्यात सारखेच दिसायला हवेत. प्रत्यक्षात दूरच्या पट्ट्यांत आकडे घटत जातात. ही घट म्हणजेच न दिसलेल्या प्राण्यांचा हिशेब! त्यावरून आपण एका बाजूला 'परिणामी' किती रुंद पट्टा पाहिला ते काढतात.

उदाहरण घेऊ. २० किलोमीटर चालून ४० कळप दिसले आणि परिणामी रुंदी प्रत्येक बाजूस १०० मीटर निघाली. तर पाहिलेले क्षेत्र २० × ०.२ = ४ चौरस किलोमीटर आणि घनता दर चौरस किलोमीटरला १० कळप. आता समजा, निरीक्षकाने अंतरे डोळ्यांनीच अजमावली आणि सगळी सव्वापट सांगितली. रुंदी १२५ मीटर झाली, क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आणि घनता ८ कळप. २०० चौरस किलोमीटरच्या टापूत २००० कळपांऐवजी १६०० कळप निघाले. एकही रोही न मरता ४०० कळप कागदावरून नाहीसे झाले! अंदाज उलट्या बाजूला चुकला तर नसलेले कळप उगवतील.

या आकड्याच्या एका बाजूला उभ्या पिकाचे नुकसान सोसणारा शेतकरी आहे आणि दुसऱ्या बाजूला मुका प्राणी. कुंपणाला मदत द्यायची का, भरपाईची तरतूद किती करायची, एखाद्या टापूत प्राणी मारण्याची परवानगी द्यायची का, हे 'लई झालेत' या शब्दांवर ठरवले तर दोघांवरही अन्याय होऊ शकतो. एका मीटरच्या अचूकतेचे यंत्र हा वाद मिटवत नाही. पण वादातला एक आकडा तरी ते पक्का करते, आणि उरलेल्या मतभेदावर मग मोकळेपणाने बोलता येते.

यंत्राशिवाय वर्गात

अंतरमापक शाळेत नसला तरी त्यामागचे विज्ञान शिकवता येते. आम्ही तीन कृती सुचवतो.

पहिली, अंगठ्याची. हात सरळ ताणून अंगठा उभा धरा. एक डोळा मिटून तो दूरच्या झाडावर आणा, मग दुसऱ्या डोळ्याने पाहा. अंगठा बाजूला उडी मारतो. ती उडी झाडाजवळ किती मीटर असेल हे ओळखीच्या वस्तूवरून (बैलगाडी, घर, विजेचे खांब) ठरवा आणि दहाने गुणा. आपल्या हाताची लांबी दोन डोळ्यांतील अंतराच्या साधारण दहापट असते, म्हणून हे जमते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले स्वतःचे गुणोत्तर मोजून घ्यावे.

दुसरी, खुंट्यांची. नदीच्या पलीकडचे एखादे झाड निवडा. त्याच्या अगदी समोर काठावर पहिली खुंटी ठोका. काठाने काटकोनात ४० मीटर चालून दुसरी आणि त्याच रेषेत आणखी १० मीटरवर तिसरी ठोका. तिसऱ्या खुंटीपासून नदीकडे पाठ करून काटकोनात चालत जा. दुसरी खुंटी आणि पलीकडचे झाड एका रेषेत दिसले की थांबा. चाललेले अंतर गुणिले चार म्हणजे नदीचे पात्र. समरूप त्रिकोणांचा हा धडा फळ्यापेक्षा काठावर चांगला समजतो. पाण्यापासून योग्य अंतर राखावे, हे सांगायला नकोच.

तिसरी कृती सर्वांत महत्त्वाची. मैदानावर टेपने मोजून ६३, ११८, १७२ अशा अनवट अंतरांवर दहा काठ्या रोवा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला फक्त डोळ्यांनी अंदाज लिहायला सांगा. सर्व अंदाजांचा स्तंभालेख काढा. ५०, १००, १५० या आकड्यांवर उंच मनोरे उभे राहिलेले दिसतील. मग खरी अंतरे सांगा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रयोग करा. सरावाने अंदाज सुधारतो का, कोण नेहमी जास्त सांगतो आणि कोण नेहमी कमी, हे मुलांनाच शोधू द्या.

या आलेखात नेहमी एकाच बाजूला चुकणारे अंदाज आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले अंदाज वेगळे दिसतील. विखुरलेले अंदाज पुष्कळ मोजमापे घेऊन सरासरीने सुधारतात. एकाच बाजूला झुकलेले कितीही सरासरी काढली तरी सुधारत नाहीत. त्यासाठी एक खरी मोजपट्टी लागते. यंत्र नवे आणले तरी पहिल्या दिवशी ते टेपने मोजलेल्या अंतरावर तपासून पाहावे, ही सवय याच कृतीतून लागते. आणि मोजणीचा आकडा कोणी पुढे ठेवला, तर अंतरे कशाने मोजली होती, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्याने विचारावा.